डाव्या कडेचे तीन टवके

नऊ पेट्या होत्या. नऊ पेट्यांत मिळून दोनशे चौदा चित्रं. प्रत्येक चित्रात दगडी भाल्याचं एक पातं, चार बाजूंनी काढलेलं: पुढून, मागून, कडेवरून आणि मधोमध कापल्यासारखं. एकशे सेहेचाळीस पाती अख्खी, अडुसष्ट तुटकी. दोनशे तेरा चित्रं यंत्राने घेतलेल्या मापांशी तीन दशांश मिलीमीटरच्या आत जुळत होती.

"किती म्हणालीस?" मिस ओलीटा ग्रिग्ज यांनी विचारलं.

"दोनशे तेरा."

"एक कुठे गेलं?"

"गेलं नाही. जुळत नाही."

त्या शेगडीपाशी माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. बीन्सचं पातेलं रटरटत होतं. ढवळणारा हात थांबला, मग पुन्हा फिरायला लागला.

"कुठलं?"

"बर्डेट."

त्यांनी शेगडी बंद केली.

बर्डेट पातं म्हणजे आमच्या काउंटीच्या डोक्यावरचा तुरा. तेरा हजार वर्षांपूर्वी या कोरड्या पठारावर तळी होती, तळ्यांवर केसाळ हत्ती पाण्याला यायचे, तेव्हा कुणीतरी ते घडवलं. १९३५ साली, धुळीच्या मोठ्या वादळानंतरच्या सकाळी, सायलस बर्डेटला ते त्याच्या कुरणातल्या आटलेल्या तळ्याकाठी उघडं पडलेलं दिसलं. १९८३ साली सायलस वारला आणि त्याच्या मुलाने, होलिसने, ते वडिलांच्या नावे संग्रहालयाला देऊन टाकलं. तेव्हापासून ते पुढच्या दालनात काचेच्या पेटीत उभं आहे, खाली पितळी पट्टी. गावच्या पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या संघाच्या सदऱ्यांवर आणि निदान एका थडग्याच्या दगडावर त्याचं चित्र आहे. सगळीकडे मिस ओलीटांचंच.

"वाच," त्या म्हणाल्या. "बाकाबाईंनी काहीतरी लिहून दिलं असणार. तू नुसतं तोंडी सांगायला एवढ्या वाऱ्यात आली नसतीस."

डॉ. मारीसेला बाका आमच्या संग्रहालयाच्या प्रमुख. सगळी चित्रं एका पुस्तकात येणार होती, आणि पुस्तक पुढच्या शुक्रवारी छापायला जाणार होतं. मी भूशास्त्रातली पदवी घेऊन वर्षभराच्या नेमणुकीवर तिथे लागले होते. प्रत्येक पात्याची यंत्राने घेतलेली मापं चित्राशी ताडून बघायची, एवढंच माझं काम. मी कागद उलगडला.

"'या चित्रातील लांबी प्रत्यक्ष वस्तूपेक्षा नऊ दशांश मिलीमीटर अधिक असून डाव्या कडेचे तीन सूक्ष्म टवके वस्तूवर आढळत नाहीत.' एवढंच. चित्राखाली, बारीक अक्षरात."

"बारीक अक्षरात," मिस ओलीटा म्हणाल्या. "म्हणजे मला दिसायला नको."

तीन वर्षांपासून त्यांच्या नजरेचा मधला भाग धूसर झाला आहे. समोरच्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. खुर्चीत बसून त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं.

"नऊ दशांश राहू दे. कॅलिपर घसरतो, माणूस जांभई देतो. पण तीन टवके? ते नाहीत आणि मी काढले?"

"तसं कुणी म्हणत नाहीये, मिस ओलीटा."

"दुसरं काय म्हणतायत? पोरी, एक्केचाळीस वर्षं काढली मी या कामात. तुटलेलं टोक कधी पुरं केलं नाही. मोठमोठे लोक सांगायचे, ओलीटा, ठिपक्यांची रेघ ओढून टाक ना, पुढे काय असणार ते कळतंच आहे. मी म्हणायचे, ज्याला कळतंय त्याने आपल्या डोक्यात ओढावी."

त्यांचे वडील पवनचक्क्या दुरुस्त करत. गाडी चालवता चालवता चाकाचा मोडलेला दाता ते लेकीकडून कागदावर काढून घेत आणि तो कागद शहरातल्या दुकानात पाठवत. चित्र चुकलं तर चुकीचा दाता यायचा आणि कुणाची तरी गुरं आणखी आठ दिवस तहानलेली राहायची. हे शिक्षण त्यांना पुढे कुठल्याही विद्यापीठात मिळालं नसतं. संग्रहालयात त्या टंकलेखक म्हणून लागल्या. एकदा कुणाच्या तरी अहवालातलं चित्र बघून म्हणाल्या, "हा टवका वरून आलाय, तुम्ही खालून दाखवलाय." त्या दिवशी त्यांचं टंकयंत्र सुटलं.

दगडाचं चित्र म्हणजे सावल्या नव्हेत. प्रत्येक टवका उडाला तेव्हा दगडात तरंग उमटले. त्यांची वळणं बघून घाव कुठल्या बाजूने बसला ते कळतं. कुठल्या टवक्याने कुठल्या टवक्याची कड खाल्ली आहे ते बघितलं की आधी कुठला आणि नंतर कुठला तेही कळतं. हे सगळं रेघांत उतरवायचं. प्रकाश नेहमी डावीकडून, वरून. पण डाव्या कडेवर प्रकाश सरळ पडला की बारीक खाचा बुजतात, म्हणून तिथे मिस ओलीटा डोळ्यांवर विसंबत नसत. उजव्या अंगठ्याचं नख त्या वाढवून ठेवत आणि कडेवरून फिरवत. ते नख अजून तसंच आहे.

"माझं नाव काढा पुस्तकातून," त्या म्हणाल्या. "तसंही शेवटच्या पानावरच आहे. चित्रं वगळायची तर सगळी वगळा. ती ओळ खरी असेल तर छापा, खाली मी सही करते. पण आधी मला सांग, बाकीच्या दोनशे तेरांचे टवके मोजलेस?"

"सगळे नाही. लांबी बघितली."

"मग तुझं काम झालेलं नाही." त्यांनी टेबलावर हात फिरवून मी आणलेला चित्राचा कागद शोधला, डोळ्यांपुढे तिरका धरला, मग खाली ठेवला. आवाज उतरला. "एकात तीन दिसले असतील नसलेले, तर बाकीच्यांत किती दिसले असतील? ते मला मरायच्या आधी कळलं पाहिजे."

मी उठले तेव्हा त्यांनी बीन्सचा डबा आणि मक्याच्या पावाचे दोन तुकडे हातात दिले. "यंत्राला भूक लागत नसेल. तुला लागते."

*

बुधवारी दुपारपासून गुरुवार संध्याकाळपर्यंत मी चाळीस चित्रांवरचे टवके मोजले. चिठ्ठ्या टाकून निवडलेली चाळीस. एकूण एक हजार नऊशे बारा. सगळे दगडावर होते. एकही नसलेला नव्हता.

मग पुन्हा बर्डेट. चित्रावर एकसष्ट, वस्तूवर अठ्ठावन्न. चित्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख आणि माप लिहिलेलं होतं: मार्च १९८३, १०७.२. पेटीतल्या वस्तूचं यंत्राने दिलेलं माप १०६.३. संग्रहालयाच्या कार्डावरही १०६.३. पण कार्ड ऑक्टोबरचं होतं, पातं पेटीत बसवल्यानंतरचं.

मला लांबीच बघायला सांगितली होती, म्हणून मी लांबीच बघत बसले होते. आता रुंदी घेतली. चित्रात ३३.०, वस्तूत ३२.७. मग बुंध्याकडून वर जाणारी पन्हळ, जिच्यात भाल्याचा दांडा बसायचा. चित्रात ३८.४, वस्तूत ३८.१. तिन्ही भागाकार केले. हजारात आठ. हजारात नऊ. हजारात आठ.

माणूस चुकतो तेव्हा असा चुकत नाही. हात घसरला तर लांबी बिघडेल, रुंदी बरोबर राहील. सगळीकडे सारख्या प्रमाणात चुकणं माणसाला जमत नाही. कागद दमटपणाने फुगला असेल असं वाटलं, म्हणून त्याच गठ्ठ्यातल्या, त्याच महिन्यातल्या सहा चित्रांची मापं तपासली. सहाही बरोबर.

चित्र वाढलं नव्हतं. वस्तू आक्रसली होती.

दगड आक्रसत नाही.

शुक्रवारी सकाळी मी डॉ. बाकांच्या खोलीत गेले. त्या हिरव्या मिरचीचा बरीटो खात फोनवर बोलत होत्या. फोन ठेवेपर्यंत मी उभी राहिले.

"मला पेटीची किल्ली हवी."

"कशाला? ते पातं मेणात बसवलंय. हलवायचं नाही म्हणून तर यंत्रवाल्यांनी उभ्याउभ्या मापं घेतली."

"म्हणूनच ते एकोणचाळीस वर्षांत कुणी हातात घेतलेलं नाही. त्याचं घनफळ जवळजवळ साडेपंधरा घन सेंटीमीटर आहे. चकमकीचा दगड असेल तर वजन चाळीस ग्रॅम भरेल."

त्यांनी बरीटो खाली ठेवला. डॉ. बाका वाईट बाई नाहीत. आकडा पुढे आला की त्या वाद घालत नाहीत, इतकंच की आकडा आधी पुढे यावा लागतो. आम्ही मेण सोडवलं. तराजूवर चोवीस ग्रॅम.

"दाताला लावून बघा," मी म्हटलं.

"लुसेरो, ही संग्रहालयातली वस्तू आहे."

"मिस ओलीटा सांगतात. दगड टक्क वाजतो आणि गार लागतो. राळ मुकी असते."

डॉ. बाकांनी दार लावून घेतलं आणि ते पातं पुढच्या दाताला टेकवलं. टक्क वाजलं नाही. मग रंग चढवलेल्या त्या राळेच्या तुकड्याकडे बघून म्हणाल्या, "काय हात होता माणसाचा."

अर्ल टिडवेल नावाचे साचे घेणारे गृहस्थ तेव्हा संग्रहालयात होते. ते वारले त्यालाही वीस वर्षं झाली. होलिस बर्डेटला आठवण म्हणून द्यायला त्यांनी साच्यात राळ ओतून नक्कल काढली. राळ घट्ट होताना किंचित आक्रसते. मग दगडाचा धुरकट राखाडी रंग, त्यातली पांढरी शीर, सगळं कुंचल्याने उतरवलं. रंगाच्या थराखाली तीन बारीक खाचा बुजल्या. फाइलीत समारंभाचा फोटो सापडला. मखमलीवर दोन पाती शेजारी शेजारी. काउंटीचे तेव्हाचे अध्यक्ष हसत एक उचलून होलिसच्या हातात देतायत. फोटोत चौदा माणसं आहेत. मिस ओलीटा त्यांत नाहीत.

"मला कुठे बोलावलं होतं," मी फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या. "मी मागच्या खोलीत शाई भरत होते. टाळ्या ऐकू आल्या." खरं पातं कुठे असणार ते त्यांच्या माझ्याआधी लक्षात आलं होतं. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "ते तर दर रविवारी चर्चला जातं."

*

होलिस बर्डेटांचा बोलो टाय काउंटीत कुणाला माहीत नाही? चामड्याची काळी वेणी, तिच्यात चांदीची पकड, पकडीला मागून डकवलेलं पातं, टोक खाली. माणूस शहाऐंशीचा, सदरा कडक इस्त्रीचा. कुणी टायकडे नुसतं बघितलं तरी म्हणायचा, "हे खोटं. खरं मी देऊन टाकलं." पोरं त्याच्या मागून नक्कल करायची. त्यालाही ते ठाऊक होतं.

रविवारी चर्चमागच्या हॉलमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण असतं. आम्ही तिघी गेलो तेव्हा ते कोपऱ्यातल्या टेबलावर एकटेच ॲपल पाय संपवत बसले होते.

"ओलीटा! आज सूर्य पश्चिमेला उगवला का? तू आणि चर्चमध्ये?"

"जेवायला आलेय. प्रार्थना तू केलीस ना, त्यात भागव माझं."

"नाही भागत. तुझ्या नावाने दुप्पट लागते." मग त्यांना आम्ही दोघी दिसलो. "बाका मॅडम पण? अख्खं संग्रहालय उठून आलंय. मी मेलो की काय, आणि मला कुणी सांगितलं नाही?"

डॉ. बाका म्हणाल्या, "मिस्टर बर्डेट, तुमच्या टायविषयी जरा—"

"हे खोटं," त्यांनी नखाने पात्यावर टकटक केलं. "खरं मी देऊन टाकलं."

"होलिस," मिस ओलीटा म्हणाल्या, "जरा पुढे वाक. काढू नकोस. नुसता वाक."

ते वाकले. मिस ओलीटांनी हवेत चाचपून ते हातात घेतलं, चेहरा बाजूला वळवला आणि अंगठ्याचं नख बुंध्यापासून डाव्या कडेवरून टोकाकडे न्यायला लागल्या. नख एका जागी अडलं. पुढे सरकलं, पुन्हा अडलं. आणखी एकदा अडलं. मग सरळ टोकापर्यंत गेलं. त्यांनी हात मागे घेतला नाही. तसाच धरून ठेवला.

"काय गं? गळा आवळतेस का?"

"दाताला लाव."

"कवळीला की खऱ्याला?"

"खरा उरलाय?"

"मागे एक आहे." ते हसत हसत पातं तोंडाशी घेऊन गेले. ज्या माणसाने जन्मभर कुरणातून बाणांची टोकं वेचली त्याला दुसरं काही सांगावं लागत नाही. टक्क असा आवाज मलाही ऐकू आला. हसू जागच्या जागी राहिलं, डोळ्यांतून तेवढं गेलं. त्यांनी पुन्हा लावून बघितलं.

"एकोणचाळीस वर्षं खिळ्याला टांगलं की गळ्यात घातलं," ते हळूच म्हणाले. "दाताला कोण लावतंय? खोट्याला कुणी दाताला लावतं?"

"चूक आमची आहे," डॉ. बाका म्हणाल्या. "त्या दिवशी मखमलीवर अदलाबदल झाली. तुमचा काही—"

"मी दिलं होतं!" आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या बायका वळल्या, म्हणून तो पुन्हा खाली आला. "बापाच्या नावाने, सगळ्या काउंटीसमोर दिलं होतं. त्यानंतर याच खुर्चीत बसून दर रविवारी सांगतोय की दिलं. आणि ते माझ्याच उरावर! लोक काय म्हणतील? बर्डेटने या हाताने दिलं आणि त्या हाताने उचललं. हे घालून मी वासरांना डाग दिलेत. याच्यावर ग्रेव्ही सांडलीय. एकदा तर पिकअपच्या दारात चेंगरलं होतं."

"कुठून चेंगरलं?" मिस ओलीटांनी विचारलं.

"टोकाकडून."

मिस ओलीटांच्या नखाने टोक गाठलं होतं, पण एका मिलीमीटरचा दहावा भाग नखाला कळत नाही. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

होलिसांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले. "असं करू. राहू दे जिथलं तिथे. काचेतलं काचेत, गळ्यातलं गळ्यात. एवढी वर्षं कुणाला फरक कळला नाही, आणखी थोडी कळणार नाही. मी गेलो की घ्या काढून. तेव्हा मला ऐकायला लागणार नाही."

डॉ. बाका मिस ओलीटांकडे वळल्या. त्यांनाही हे सोयीचं होतं, ते मला दिसलं. "ओलीटा, मी ती ओळ काढून टाकते. चित्र जसंच्या तसं छापू. कुणाला काही—"

"ओळ निघेल," मिस ओलीटा म्हणाल्या. "पेटीत खोटंच राहील. उद्या दुसरं यंत्र येईल, दुसरी पोरगी येईल, ती पुन्हा तीच ओळ लिहील. तेव्हा मी तिला बीन्स द्यायला नसेन."

"कसली ओळ?" होलिसांनी विचारलं.

मिस ओलीटा सांगणार नव्हत्या. म्हणून मी सांगितलं. चित्र नऊ दशांशाने मोठं आहे आणि डाव्या कडेचे तीन टवके दगडावर नाहीत, असं छापलं जाणार होतं.

"कुठले तीन? बारके? एका रांगेतले?"

"तेच."

त्यांनी समोरची ताटली बाजूला सारली.

"बापाच्या थडग्यावर कोरलेत ते," ते म्हणाले. "तुझं चित्र दिलं होतं ना मी, मापाला माप. कोरणारा म्हणाला, साहेब, हे तीन बारके सोडून देऊ का? ग्रॅनाइटमध्ये धड उठायचे नाहीत, आणि कोण बघतंय? मी म्हटलं, ओलीटाने काढलेत म्हणजे आहेत. कोर."

मिस ओलीटांनी मान त्यांच्याकडे वळवली. "असं म्हणालास?"

"म्हणालो."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं कधी? आणि सांगून करायचं काय, तू आधीच केवढी ताठ." त्यांनी वेणी सैल केली. कानाशी थोडी अडकली, टोपी काढावी लागली. टाय डोक्यावरून निघाला तेव्हा सदऱ्यावर एक उभी, जास्त पांढरी पट्टी दिसली. त्यांनी तो डॉ. बाकांच्या नव्हे, मिस ओलीटांच्या हातात ठेवला.

"पट्टीवर दुसरी तारीख पण घाला, मॅडम," ते डॉ. बाकांना म्हणाले. "एकदा देणारे पुष्कळ असतात."

*

सोमवारी सकाळी मागच्या खोलीत आम्ही चौघं होतो. खिडकीवर वाळू वाजत होती. पकडीचा गोंद रविवार दुपारपासून द्रावणात सैल करत ठेवला होता, डॉ. बाकांनी लाकडी काडीने तो ढकलत ढकलत पातं मोकळं केलं. त्याला एक तास दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ होलिस बर्डेट भिंतीशी उभे राहिले. खुर्ची दिली तर म्हणाले, "समारंभाला उभंच राहतात." सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं होतं आणि गळा मोकळा होता.

मिस ओलीटा त्यांच्या जुन्या टेबलाशी बसल्या होत्या. टेबलाच्या कडेवर शाईचे डाग आहेत. त्या बोटांनी ते शोधत होत्या. अंगात इस्त्रीचा निळा झगा, केस नीट मागे बांधलेले. मी त्यांना घ्यायला गेले तेव्हा त्या दारात उभ्याच होत्या, हातात पेन्सिल.

"पेन्सिल कशाला?" मी विचारलं होतं.

"माप लिहायला. कोपऱ्यात जागा ठेवलीय मी, जुन्या आकड्याखाली. जो येईल तो लिहायचा. कमी आला तरी."

डॉ. बाकांनी राळेची नक्कल होलिसांना दिली. त्यांनी ती तळहातावर झेलून बघितली, दोनदा.

"हलकं आहे गं," ते म्हणाले, कुणालाच उद्देशून नव्हे. मग सदऱ्याच्या खिशात टाकली. "चालेल. आता खरं बोलतोय मी."

पातं पांढऱ्या कापडावर ठेवलं होतं. मी पहिल्यांदा ते नीट बघितलं. बुंध्याच्या दोन्ही कडा कुणीतरी घासून बोथट केलेल्या, दांड्याला बांधलेली दोरी कापू नये म्हणून. पन्हळीतले तरंग बुंध्याकडून निघून वर वर विरत गेलेले. टोकाकडे मी मुद्दाम बघितलं नाही. आधी बघितलं की हात आकड्याकडे झुकतो, हे मला याच टेबलावर शिकवलेलं होतं.

"वजन," मिस ओलीटा म्हणाल्या.

"चाळीस पूर्णांक एक ग्रॅम."

"डावी कड."

मी भिंग लावलं. "तीन. एका रांगेत. वरचा शेवटचा, त्याने मधल्याची कड खाल्लीय."

"मधल्याने खालच्याची," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा बघितलं. "हो."

"चित्रात बघ."

चित्रात तसंच होतं.

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला, डाव्या हाताने कोपरा चाचपला आणि पेन्सिलीचं टोक जुन्या आकड्याखालच्या मोकळ्या जागेवर टेकवलं. होलिसांनी टोपी काढून हातात धरली. मी कॅलिपर उघडला, शून्य तपासलं, जबडे बुंध्याला आणि टोकाला अलगद टेकेपर्यंत मिटले. सोडलं, पुन्हा घेतलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तोच आकडा.

"मोठ्याने वाच," मिस ओलीटा म्हणाल्या.

"एकशे सात पूर्णांक दोन."